शेवटच्या मिरचीपर्यंत

पाहुणे यायच्या आत ड्रम काठोकाठ भरला पाहिजे, असं धोंडबाने सकाळपासून दहादा बजावलं होतं. पंचफुला शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. तिने डोक्यावरचा पाण्याचा गुंड उतरवून ड्रमात रिकामा केला आणि पुन्हा विहिरीकडे निघाली.

उतई गावाजवळच्या या तुकड्यात तिच्या नवऱ्याने, धोंडबाने, वांगी-मिरच्या लावल्या होत्या. जन्मभर पोलादाच्या प्लँटमध्ये पाइपलाइनवर राबलेला माणूस. रिटायर झाला तरी हात स्वस्थ बसेनात. मचाणावर जुना ड्रम, ड्रमाला कॉक, कॉकाला काळ्या नळ्या, नळ्यांना सुईने पाडलेली भोकं आणि प्रत्येक भोकाखाली एक रोप. सगळं भंगारातलं, जवळजवळ फुकटातलं ठिबक. पाणी निम्मंच लागायचं. खोटं कशाला बोला, झाडंही तरारली होती.

फक्त पूर्वी पंचफुला विहिरीतून ओढलेली बादली काठावरच्या चरात ओतायची आणि पाणी उताराने वाफ्यात जायचं. आता तेच पाणी डोक्यावर घेऊन शिडी चढायची. भोकं साफ करणं कारागिराचं काम, म्हणून धोंडबाचं. पाणी भरणं बाईचं. हे त्या घरात कुणी ठरवलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला मागेच तपासून सांगितलं होतं, अंग बाहेर येतंय, गर्भपिशवी खाली सरकलीय, आता वजन उचलायचं नाही. धोंडबा तेव्हा बाहेर बाकावर बसला होता. "वजन उचलू नको म्हनते," तिने त्याला एवढंच सांगितलं. त्याला खरोखर वाईट वाटलं. बाजाराच्या दिवशी त्याने तिला लहान गुंड आणून दिला. खेपा तेवढ्या वाढल्या.

आज एका संस्थेचे हिरालालजी हे ठिबक पाहायला येणार होते. पसंत पडलं तर गावोगाव असे ड्रम बसवायचे, असा त्यांचा बेत होता. सोबत प्लँटच्या कॉलनीतल्या, सेक्टर दहामधल्या महिला मंडळाच्या वसुंधराबाई. पंचफुलाने मनाशी ठरवून टाकलं होतं. पुरुषांपुढे हे दुखणं बोलता येत नाही, पण बाईला बाजूला घेऊन सांगता येईल. म्हणावं, ड्रम खाली उतरवा, विहिरीजवळ उंचवट्यावर ठेवा. पाणी सावकाश जाईल, जाऊ द्या. मोठ्या लोकांनी सांगितलं की हा माणूस ऐकतो.

जीप आली. धोंडबाने "जय भीम, साहेब" करून ऐटीत कॉक फिरवला. नळ्या भरल्या, वांग्याच्या बुडाशी थेंब पडू लागले.

"पाहा मॅडम, पानी आपल्यानंच जाते. काईच मेहनत नाही!"

"वाह!" हिरालालजी म्हणाले. "औरतों का तो सारा बोझ उतर गया."

वसुंधराबाई पंचफुलाकडे वळल्या. "आता तुम्हाला आराम झाला असेल, नाही?"

सगळे तिच्याकडे बघत होते. "हो जी," ती म्हणाली. मग धीर करून बाईंच्या जवळ सरकली. "बाई, जरा इकडं या ना. बोलाचं होतं."

बाई मोकळेपणाने हसल्या. "अहो, भाजी देणार असाल तर मुळीच नको हं! तुम्हा लोकांची रीतच आहे, कुणाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही."

ते धोंडबाने ऐकलं. "असं कसं मॅडम, न्या लागते!" म्हणत तो धावलाच. कोवळी वांगी निवडून त्याने बाईंची पिशवी गच्च भरली. बाई नको नको म्हणत पिशवीचं तोंड उघडं धरून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात हिरालालजींना शेवटची ओळ दिसली. तिथल्या मिरच्या कोरड्या होत्या. "धोंडबाजी, प्रेशर कम है. ड्रम दो फुट और उठाइए, फिर देखिए."

"बरोबर बोलले साहेब!" धोंडबा म्हणाला. पंचफुलाने मचाणाकडे पाहिलं. कुणीतरी आपल्याकडे बघेल असं तिला उगीच वाटलं. जीप निघून गेली.

ऊन उतरेपर्यंत धोंडबाने मचाण उंच केलं. त्याला जेवणाचीसुद्धा शुद्ध नव्हती. शिडी अपुरी पडली, तेव्हा त्याने तिलाही लाकूड जोडून वर एक पायरी ठोकली, आणि हाताने दाबून पाहिली.

"खरबरीत ठेवली वं, पाय सरकू नाही म्हनून. तुही काळजी हाय ना मले."

त्याच्या आवाजात माया होती. तिला रडू आलं ते त्या मायेचं, आणि संतापही त्याच मायेचा आला.

"आता भर," तो म्हणाला. "शेवटच्या मिरचीपर्यंत जाते का पाहू."

तो त्या टोकाला जाऊन उकिडवा बसला आणि नळीच्या भोकाखाली त्याने तळहात धरला. पंचफुलाने गुंड भरला, शिडीपाशी आणला, आणि थबकली.

"कावून थांबली वं? मी पाहून राहिलो ना इथं!"

ती चढू लागली. एक हात डोक्यावरच्या गुंडाला होता. दुसऱ्याने तिने ओटीपोट खालून दाबून धरलं होतं. नव्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा शिडी धरायला हात उरला नव्हता.