हिशोबनिसाची सही

१९८३ साली घाटकोपरच्या चाळीत नलिनी घरबसल्या प्रबंध टाइप करायची. या खेपेचा प्रबंध जुन्या काळच्या एका स्पॅनिश सरकारी हिशोबनिसावर होता. तिचा नवरा सहदेवही सरकारी हिशोबनीसच. न बांधलेल्या रस्त्याच्या बिलावर सही केली तर राहायला सरकारी क्वार्टर, नाहीतर चंद्रपूरला बदली, असं साहेबांनी त्याला बजावलं होतं.

"काय गं, तुझ्या त्या स्पॅनिशवाल्याने खोट्या बिलावर सही केली का शेवटी?"

तीन मजले पाणी चढवून नलिनीचे खांदे भरून आले होते.

"नाही केली हो," ती म्हणाली.

"मग मीही नाही करत." सहदेवने पेनाला टोपण लावलं.



नलिनीने नुकतंच टाइप केलेलं पान पालथं ठेवलं. त्यावर होतं, 'त्याने सही केली आणि मोठ्या हवेलीत सुखाने म्हातारा झाला.'