वजनकाट्याआधी

बँकमालकाची घोडी अखेर जिंकली. या करंडकासाठी त्यानं उभी हयात घालवली होती. जॉकी त्याचीच लेक. ती उतरली, तेव्हा वळणावर कठड्याला आपटलेला तिचा डावा हात नुसता लोंबत होता. बाप धावला, तशी घोडीच्या प्रशिक्षकानं त्याची बाही धरली. "साहेब, खोगिरासकट तिचं वजन होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. जिंकलेली शर्यत बाद होईल!" लहानपणी ती तट्टावरून पडली, तेव्हा बापानं आधी तट्टाचे पाय चाचपले होते. आताही त्याला बघून तिनं आपणहून सांगितलं, "घोडी सुखरूप आहे, बाबा." उजव्या हातानं खोगीर छातीशी धरून ती वजनकाट्याकडे निघाली. काटा समोरच होता. अर्ध्यातच ती अडखळली. बाही सोडवून बापानं तिच्या हातातलं खोगीर काढून घेतलं. "बाबा, करंडक गेला!" "खड्ड्यात गेला. आधी हात दाखव."