तिसऱ्या रांगेतलं घड्याळ

इतिहासाशी खेळणाऱ्याला काळ कधीही क्षमा करत नाही. या सिनेमाला मात्र त्याने छत्तीस वर्षं केली होती, आणि तीही तिकिटासाठी रांगा लावून.

आता ती क्षमा संपली होती. सिनेमा पुन्हा नव्याने झळकणार होता आणि निर्मात्याला तो निर्दोष हवा होता. प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं काढलेल्या चुकांची यादी त्याने जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या बाईंच्या टेबलावर ठेवली होती. चुका एकूण एक्केचाळीस. स्टुडिओत बाईंना सगळे ‘चाळणी’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

चाळणीबाईंनी चार महिने मान मोडून काम केलं. किल्ल्यामागचा विजेचा खांब उपटला. तोफेच्या चाकांचं रबर खरवडलं. राणीच्या पाठीवरची चेन मिटवून तिथे एकेक करून बावीस बटणं लावली. राजाच्या डाव्या खांद्यात बाण लागतो आणि पट्टी उजव्या खांद्याला बांधली जाते, ती पट्टी मुकाट्याने डावीकडे आणली. एकच पांढरा घोडा दोन लढायांत दोनदा मरत होता. त्याचं मात्र काही करता आलं नाही. एकोणचाळिसावी चूक सगळ्यात सोपी निघाली. विजयाच्या प्रसंगी चारशे सैनिक दोन्ही हात वर करून जयजयकार करतात. त्यांत तिसऱ्या रांगेतल्या एका शूराच्या मनगटावर घड्याळ चमकत होतं. ते पुसायला बाईंना जेवणाच्या सुट्टीआधीचा अर्धा तास पुरला.

मग एका रविवारी सकाळी, सिनेमात काम केलेल्या जुन्या मंडळींसाठी स्टुडिओतल्या छोट्या थिएटरात खास खेळ ठेवला. बाई मागच्या रांगेत बसल्या. त्यांच्या पुढच्या रांगेत एक आजोबा सहकुटुंब आले होते. इस्त्रीचा सदरा, शेजारी बायको, पलीकडे सून आणि दोन नातवंडं. विजयाचा प्रसंग जवळ आला तसे आजोबा खुर्चीत पुढे सरकले.

“आता डोळ्यांची पापणी लववायची नाही,” ते नातवंडांना म्हणाले. “सगळे हात वर करतील. त्यात ज्याचं मनगट चमकेल, तो मी.”

चारशे सैनिकांनी हात वर केले. चारशे शिरस्त्राणं, चारशे दाढ्या, आठशे मनगटं. एकही चमकलं नाही.

“कुठेय?” धाकटी नात म्हणाली.

“अगं तो... तिकडे...” आजोबांचं बोट पडद्यावर फिरलं आणि खाली आलं.

“मला दिसलात बाबा,” सून घाईघाईने म्हणाली. “शेवटून दुसरे.”

“तो मी नव्हे,” आजोबा हळूच म्हणाले.

खेळ संपल्यावर बाई मागच्या दाराने सटकणार होत्या. आजोबांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. चिडलेले दिसत नव्हते, त्यामुळे बाईंची जास्तच पंचाईत झाली.

“ही सगळी साफसफाई तुमची का? खांब काढलात ते फार बरं केलंत. शूटिंगच्या दिवशीही तो डोळ्यात खुपत होता. घड्याळ तेवढं...”

“काका, ती चूक होती. त्या काळात मनगटी घड्याळं नव्हती.”

“बरोबर आहे,” आजोबा म्हणाले. “त्या काळात मीही नव्हतो.”

“सांगत होते सगळे, काढून ठेवा म्हणून,” आजी मध्येच म्हणाल्या. “माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं. यांना वाटलं, सैन्यातलंच कोणीतरी ढापेल. तेवढं एकच काम केलं हो यांनी सिनेमात. टीव्हीवर लागला की सगळी आळी आमच्याकडे गोळा व्हायची, घड्याळ बघायला.”

आजोबांनी मनगट पुढे केलं. काच तडकलेली होती आणि काटे सव्वाचारवर थांबले होते. धाकट्या नातीने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे, आणि मग ज्या नजरेने मुलं मोठ्यांच्या थापा माफ करतात त्या नजरेने ती दुसरीकडे बघू लागली. बाईंना ती नजर बोचली.

त्या तशाच जिना चढून आपल्या खोलीत गेल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेली दुरुस्ती कधी मागे घेतली नव्हती. घड्याळ परत बसवायला वीस मिनिटं लागली. वर त्यांनी ते थोडं उजळही केलं.

सोमवारी निर्मात्याने यादी तपासली.

“एकोणचाळीस नंबरचं काय झालं?”

“तांत्रिक अडचण आहे.”

“घोड्यासारखी?”

“घोड्यासारखीच.”

निर्मात्याने मान डोलावली. घोड्यापुढे त्यानेही केव्हाच हात टेकले होते.

सिनेमा लागला. पहिल्याच आठवड्यात आजोबांचा फोन आला. सगळी आळी घेऊन ते जाऊन आले होते, आणि नातीने भर थिएटरात उभं राहून “ते माझे आजोबा” असं सांगितलं होतं. बाईंनी फोन ठेवला आणि दिवसभर त्या शीळ घालत काम करत राहिल्या. चाळणी शीळ घालते ही बातमी संध्याकाळपर्यंत स्टुडिओभर झाली.

महिन्याभरात, तो घड्याळवाला सैनिक आपणच म्हणून त्यांचे आभार मानायला आणखी सहा आजोबा येऊन गेले.