आबांचा पटका

"आये, आबा पटका कसा बांधायचं गं?" इंद्रजितनं विचारलं आणि बनाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

लेक कळंबला आला होता तो शूटिंगसाठी. वीस वर्षं सिनेमात दरोडेखोर, लाचखाऊ सरपंच असली कामं करून त्यानं नाव काढलं होतं. बारामतीच्या थिएटरात बायका त्याच्या नावानं बोटं मोडायच्या, तेव्हा हिला गुदगुल्या व्हायच्या. आता तो स्वतःच सिनेमा काढत होता. तोही आपल्या बापावर, आणि बापाचं कामही तोच करणार होता. सिनेमाची माणसं अंगणात दिवे लावत होती.

गुडघे गेल्यापासून बनाबाई भिंतीला टेकून बसलेली असायची. उठायचं म्हटलं की सुनेला हाक मारावी लागे. तिनं इंद्रजितला समोर बसवलं, त्याच्या डोक्याला पटका गुंडाळला आणि मागं सुटलेलं टोक, शेमला, नीट आत खोचला. तिचे मालक हिंदुराव असा कधीच बांधत नसत.

"रागवायचं का गं?"

"छ्या. देवमाणूस. आवाज चढवला न्हाय कधी."

इंद्रजित नुसता हसला. ते हसू तिला आवडलं नाही. पोटचा असला तरी नट तो. काय ऐकतो आणि काय टिपून ठेवतो, कुणी सांगावं? साऱ्या गावाला तिनं चाळीस वर्षं हेच सांगितलं होतं. स्वतःच्या कपाळावरची खोकसुद्धा उंबऱ्यावर पडून झाली म्हणून. खरं काय ते आता पडद्यावर आलं, तर गेलेल्या माणसाची अब्रू जाणार होती, आणि तिचीही.

तो बाहेर गेला. थोड्या वेळानं दाराशी कुणीतरी दोनदा खाकरलं. एक चप्पल भिंतीवर आपटली, मग दुसरी. इंद्रजित आत आला तेव्हा पटका तिरपा होता आणि शेमला डाव्या खांद्यावर सोडलेला. तो तिच्याकडं बघत राहिला.

"आसंच ना?" शेवटी त्यानं विचारलं.

"न्हाय. त्यांचं आसं नव्हतं."

म्हणाली खरी, पण म्हणताना ती उभी होती. कुणाला हाक न मारता, पदर डोक्यावर ओढून, भिंतीला पाठ लावून.

इंद्रजितनं घाईघाईनं पटका उतरवला. "बस आये. मी हाय."

पटका खुंटीला लागेपर्यंत बनाबाई बसली नाही.