बुडताना हात हलवा

मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीस खलाशी हात वर करून उभे होते.

"जोरात! खांद्यापासून हलवा!" शिबिर घेणाऱ्या दळवी मॅडम ओरडत होत्या.

नव्या बचाव-जहाजावर माणूस नसतो. पाण्यातला जिवंत की मेलेला, हे जहाजच ठरवतं. ते शिकलं होतं पोहण्याच्या तलावात, भाड्याने आणलेल्या पोरांना हातपाय मारताना बघून.

धाकू तांडेल खुर्चीवरून उठलाच नाही. "मॅडम, होडी उलटली तर गप उताणं पडून राहायचं, हे आम्हाला बापाने शिकवलं. हात मारणारा तासाभरात संपतो."

"ते जुनं झालं, काका."

"माझा भाऊ रामा तसाच पाच तास तरंगला." धाकूने चौकशीत मिळालेला फोटो टेबलावर टाकला. जहाजानेच तो जवळून काढला होता. खाली छापलं होतं : मृतदेह, थांबण्याची गरज नाही.

फोटोत रामाचे डोळे उघडे होते. जहाज आलं म्हणून तो हसत होता.

मॅडमनी फोटो पालथा ठेवला. "म्हणूनच तर हे शिबिर."

"आणि हात हलवून थकला त्याचं काय?"

मॅडमनी पुस्तिका चाळली. "तोवर जहाज पोहोचेल, असं धरलंय."

धाकू दाराबाहेर जाऊन पचकन थुंकला. समोर धक्क्यावर त्याची होडी उद्यासाठी बर्फ भरून तयार होती. तो तोंड पुसून आत आला, रांगेत शेवटी उभा राहिला आणि हात हलवू लागला.