मधली जागा

"झाडू कोण घेणार?" शालू मॅडमनी पुन्हा विचारलं, आणि सगळ्या पोरी पुन्हा फरशीकडं बघत उभ्या राहिल्या.

शाळेच्या हॉलमध्ये गॅदरिंगची तालीम चालली होती. गाणं तेच, ज्यानं अख्ख्या अंबड तालुक्याला वेड लावलं होतं. मुंबईची कोणी गायिका पिचलेल्या माणसांचं दुःख आपलं माना म्हणून गळा काढून सांगत होती. 'तुझं ओझं माझ्या खांद्यावर दे' हे त्यातलं धृपद. टपरीवर ते, एसटीत ते, पोरींच्या वह्यांवर ते. दहावीतल्या आकांक्षानं तर गायिकेचं नाव मेंदीनं हातावर काढून घेतलं होतं. विज्ञान शिकवणाऱ्या सत्यशीला मॅडम मदतीला म्हणून तालमीला बसत. गाण्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. वीट आला होता तो गाण्यावर जीव टाकणाऱ्यांचा.

नाच शालू मॅडमनी बसवला होता. मधे एक मुलगी बसणार, अंगावर फाटकं लुगडं, हातात झाडू. बाकीच्या तिच्याभोवती फिरणार आणि धृपद आलं की धावत जाऊन तिला मिठी मारणार. मिठी मारायला सगळ्या एका पायावर तयार होत्या. मधे बसायला एकही नाही.

"मॅडम, आई म्हणली झाडू घ्यायचा असंल तर नाचूच नको."

"मॅडम, लोक फोटो स्टेटसला ठेवतेत. मंग सगळे चिडवतेत."

आकांक्षानं तर सरळच सांगितलं, "मॅडम, मी रडते पाहिजे तर. खरंच रडू येतं मला ह्या गाण्यावर. पण झाडू नको."

शालू मॅडमची नजर पोरींवरून फिरत फिरत ज्योत्स्नावर येऊन थांबली. अशी नजर फिरून कुठं थांबते हे सत्यशीला मॅडमना त्या स्वतः शाळेत होत्या तेव्हापासून ठाऊक होतं. ज्योत्स्ना त्यांच्याच बौद्धवाड्यातली, नववीतली. तिच्यासारखं नाचणारं शाळेत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पहिल्या ओळीत मधोमध तिची जागा. ती जागा मिळाल्याचं तिनं घरी, शेजारी, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडं सांगून ठेवलं होतं. आजी नवं पातळ नेसून बघायला येणार होती.

"ज्योत्स्ना, तू बसतीस का बेटा मधे?"

ज्योत्स्नानं सत्यशीला मॅडमकडं पाहिलं.

"तिलाच का?" सत्यशीला मॅडमनी विचारलं.

"अहो, तिला बराबर जमंल. नॅचरल वाटंल." शालू मॅडमच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, आणि त्याचाच सत्यशीला मॅडमना जास्त संताप आला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. "आणि तुम्हाला तर अभिमान वाटायला पाहिजे मॅडम. तुमच्या लोकांचं गाणं आहे."

"गाण्यात तर सगळे आपलेच लोक म्हणलंय. ऐकून राह्यलो ना आपण सकाळपासून?" त्यांचा आवाज चढला. "ज्योत्स्ना पुढंच राहील. मधल्या जागेसाठी चिठ्ठ्या टाका."

आवाज ऐकून हेडमास्तर तातेराव सर आत आले. मोठे हळवे गृहस्थ. चिठ्ठ्यांची कल्पना त्यांना बिलकुल पटली. खडूच्या डब्यात बाकी सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून त्यांनी स्वतःच्या हातानं डबा हलवला, स्वतःच एक चिठ्ठी उचलली आणि मोठ्यानं वाचली.

"आकांक्षा."

आकांक्षा रडायला लागली. गाण्यावर रडायची तसं नाही, नाक वाहीपर्यंत, हमसून हमसून. तशीच ऑफिसात पळाली आणि तिनं क्लार्कच्या मोबाईलवरून वडिलांना फोन लावला. तिचे वडील भुजंगराव संस्थेचे संचालक.

थोड्याच वेळात तातेराव सरांच्या खिशातून 'तुझं ओझं माझ्या खांद्यावर दे' सुरू झालं. त्यांची रिंगटोनही तीच होती.

"हां भुजंगराव... न्हाई न्हाई, झाडू कसला... बिलकुल न्हाई हो... पोरीचा गैरसमज झाला... तुम्ही कशाला येता, मी आहे ना."

फोन ठेवून त्यांनी रुमालानं मान पुसली. चिठ्ठी बारीक फाडली. "असं करा," ते म्हणाले, "ते मधलं काढूनच टाका."

"काढून टाका?" सत्यशीला मॅडमना आपण नीट ऐकलं का तेच कळेना. "मंग पोरींनी मिठी कोणाला मारायची सर?"

"नुसते हात पुढं करायचे. भाव महत्त्वाचा. लोकांना समजतंय."

शालू मॅडमनी सुटल्यासारखा श्वास टाकला. आकांक्षा तोंड धुऊन हसत परत आली. ज्योत्स्नाही हसली, तिची जागा शाबूत होती. तिच्याकडं बघून सत्यशीला मॅडमनी ओठांवर आलेलं सगळं गिळलं. अजून एक शब्द बोललं की नाचच रद्द व्हायचा आणि आजीचं नवं पातळ घडीतच राहायचं. डोक्याला हात लावून त्या खुर्चीत बसल्या.

गाणं लागलं. पोरी गोल फिरल्या. धृपद आलं तशा सगळ्या मधे धावल्या आणि त्यांनी हात पुढं केले. बाकीच्यांचे हात हवेत कसेबसे लोंबकळत राहिले. ज्योत्स्ना मात्र गुडघ्यावर बसली, डोळे मिटले आणि रिकाम्या फरशीवर तिनं दोन्ही हातांनी अशी घट्ट मिठी मारली, की तिथं खरंच कोणी बसलंय असं वाटावं.

तातेराव सरांचे डोळे भरून आले. चष्मा काढून ते पुसत त्यांनी सत्यशीला मॅडमकडं पाहिलं.

"बघा मॅडम," ते म्हणाले, "आता कोणाचीच अडचण न्हाई."