जिन्यावरचं मांजर

वितरकाने पाचपर्यंतची मुदत दिली होती आणि संकलनाच्या खोलीतल्या घड्याळात चार पस्तीस झाले होते. जिन्याचा प्रसंग कापून नवी प्रत पाठवा, नाहीतर उद्यापासून चित्रपट सगळ्या थिएटरांतून उतरवतो, एवढंच त्याचं म्हणणं.

संकलक बाईंनी दोन्ही परीक्षणं समोर ठेवली. एका समीक्षकाने साडेचार तारे दिले होते, दुसऱ्याने अर्धा. तोही बहुधा अगदीच दया आली म्हणून. वाक्य मात्र दोघांनी जवळपास एकच लिहिलं होतं : बाप जिन्यावरून गडगडत मरतो आणि आपण हसतो, याची लाज वाटली. एकाला त्या लाजेत कला दिसली होती, दुसऱ्याला दिग्दर्शकाला आत टाकावंसं वाटलं होतं.

"एका बाबतीत तरी दोघांचं जमलंय," बाई म्हणाल्या. "मांजराने जिन्यावर साबणाच्या पाण्याची बादली लवंडणं दोघांनाही पटलेलं नाही. फुकटचा योगायोग, म्हणतात."

"मांजर गेलं खड्ड्यात!" दिग्दर्शकाने कपाळ दोन्ही हातांत धरलं. "जिना कापला तर उरतं काय? आणि नाही कापला तर उद्या दाखवायचा कुठे, माझ्या गच्चीवर? सहा वर्षं घातलीत, बाई. यानंतर मला कुणी लग्नाचं शूटिंगसुद्धा देणार नाही."

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्याची आई बसली होती. सकाळचा खेळ बघून ती थेट इकडे आली होती, आणि तेव्हापासून पर्स मांडीवर घट्ट धरून होती. चित्रपट कसा वाटला, हे तिला विचारायची त्याची छाती होत नव्हती. जिना त्यांच्याच घरचा होता. पट्टा उगारून आईमागे धावणारा बापही घरचाच. सात वर्षांच्या त्याने दाराआडून वडिलांना गडगडताना पाहिलं होतं. पाणी कसं सांडलं ते पाहिलं नव्हतं. तेवढी रिकामी जागा त्याने मांजराने भरली.

चार बावन्नला त्याचा धीर सुटला.

"आई, तूच सांग आता. ठेवू की कापू?"

"पडतात ते ठेव," आई म्हणाली. आवाज भाजी निवडताना असावा तसा. "मांजर तेवढं काढ."

बाई हसल्या. "अहो काकू, मांजर काढलं तर बादली कोण लवंडणार?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुलाकडे पाहिलं.

"मांजर कुठे होतं रे आपल्याकडे?"

त्याचा हात टेबलावरच्या कपाला लागला. कप खाली पडला, चहा त्याच्या खुर्चीभोवती पसरला. तेवढ्यात फोन वाजू लागला. पडद्यावर वितरकाचं नाव. तो उठायला गेला.

"थांब, पाय खाली टेकू नकोस." आई स्टुलावरून उतरून, हातात फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलीसुद्धा होती. "आधी पुसून घेऊ दे. घसरशील."